विषय: मंडळाचा लॅपटॉप टकटक करतोय, पंचवीस वर्षांचा गणपती आत अडकलाय

माजी सचिव (शुक्रवार, रात्री)

नमस्कार मंडळी,

मंडळाचा जुना लॅपटॉप, झाकणावर मोदकाचा स्टिकर असलेला, काल सुरू केला तर आतून टक् टक् टक्. थोडा वेळ शांत, की पुन्हा टकटक. विंडोज उघडायला वीस मिनिटं लागली. फोटोंच्या फोल्डरवर क्लिक केलं आणि हँग. त्यात गणेशोत्सवाचे स्कॅन केलेले फोटो, दिवाळी अंकांच्या मूळ फायली, सभासदांच्या याद्या आणि माझ्या सासूबाईंनी सांगितलेल्या श्रावणातल्या कहाण्यांचं रेकॉर्डिंग आहे. सासूबाई आता नाहीत.

कोणाला यातलं कळत असेल तर सांगा. बॅकअप घेतला होता का, हे कृपया विचारू नका. घरात विचारून झालंय.

काका, आजीव सभासद

ताई, घाबरू नका. डिस्क काढा, झिपलॉकमध्ये घाला आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आमची एक अशीच चालली होती. नाहीतर विंडोजमधलं चेकडिस्क मारा, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, दुरुस्त होतात. आणि सभासदांच्या याद्या गेल्या तर जाऊ द्या हो, जुन्या वर्गण्या कशाला उकरायच्या!

ग्रंथालय समिती

ताई, लॅपटॉप चालू असेल तर आधी बंद करा. मेल नंतर वाचा.

काका, रागावू नका, पण दोन्ही उपाय नकोत. फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या डब्याला घाम येतो ना, तसाच डिस्कच्या आतही येऊ शकतो. साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते, तिला फिल्टर लावलेलं बारीक छिद्र असतं. वाचणारं हेड तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. तिथे दवाचा एक थेंब म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला हत्ती. आणि चेकडिस्क डिस्क दुरुस्त करत नाही, फायलींचा हिशेब जुळवतं. हिशेब जुळवायला मरणाऱ्या डिस्कवरच लिहितं, आणि न जुळणाऱ्या नोंदी कधीकधी खोडूनही टाकतं.

ताई, तुमचं विंडोज उघडलं म्हणजे डिस्क अजून वाचता येतेय. नुसती टकटक असती आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्क दिसलीच नसती, तर मी हात लावला नसता. ते धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या लॅबचं काम. तुमच्या डिस्कवर एक प्रयत्न करता येईल, पण एकच. ती किती तास तग धरेल ते सांगता येत नाही.

म्हणून फायली उचलत बसायचं नाही. फोल्डर उघडून एकेक फोटो कॉपी करताना हेड सगळ्या तबकडीभर धावतं, आणि खराब जागा लागली की विंडोज तिथेच डोकं आपटत बसतं. त्यापेक्षा अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येईल ते सगळं उचलतो, अडेल ते सोडून पुढे जातो, आणि राहिलेल्या जागांकडे शेवटी वळतो. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे मध्येच बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

तुमची डिस्क ५०० जीबीची. तिच्याहून मोठी रिकामी एक्स्टर्नल डिस्क आणा. लॅपटॉप माझ्याकडे मांडीवर घेऊन या, डिकीत टाकून नको. घरी कोणी जुनी डिस्क दुसऱ्या विंडोजला जोडून पाहिलीच आणि 'फॉरमॅट करायचं का' असा प्रश्न आला, तर 'नाही' म्हणा.

माजी सचिव

बंद केला. लॅबमध्येही विचारून पाहिलं, चारचौघांत सांगू नये असा आकडा ऐकला. उद्या येते. सगळं मिळालं नाही तरी चालेल, पण कहाण्या आधी बघाल का?

ग्रंथालय समिती (सोमवार)

मंडळी, अहवाल देतो.

डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या तारेने लिनक्सच्या मशीनला लावली, आपोआप माउंट होणं, म्हणजे लावताच डिस्क उघडली जाणं, आधी बंद करून. डीडीरेस्क्यूमध्ये आधी मूळ डिस्क लिहायची, मग नक्कल. हे उलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते, म्हणून बायकोला शेजारी बसवून दोनदा वाचून घेतलं. ती म्हणाली, लग्नाचा फॉर्मसुद्धा एवढा वाचला नव्हतास.

पहिल्या रात्री ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. मग रखडलं. रविवारभर डिस्क टकटक करत होती आणि मी चहा पीत होतो. शेवटी ९९.९८ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण ५०० जीबीतले उरलेले ०.०२ टक्के म्हणजे १०० एमबी, आणि ते नेमके कुठले हे प्रोग्रॅम सांगत नाही. त्याला सेक्टर कळतात, फायली कळत नाहीत. म्हणून नकलेची आणखी एक प्रत काढली आणि तिच्यातल्या न वाचलेल्या जागांत 'भोपळा' हा शब्द भरून घेतला. मग ज्या फायलींत भोपळा सापडला, त्या गेल्या. एकूण अकरा फोटो आणि एक हिशेबाचा तक्ता.

ताई, कहाण्यांत भोपळा नाही. शुक्रवारच्या कहाणीच्या मध्ये कुकरची शिट्टी आहे, ती मूळचीच असावी.

माजी सचिव

मूळचीच. तो कुकर माझा.

काका, आजीव सभासद

अभिनंदन! पण दिवाळी अंकाची एक वर्ड फाइल उघडून पाहिली, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा आहे. भोपळ्याचं हे नवीन रूप का?

ग्रंथालय समिती

नाही काका, ती फाइल ठणठणीत आहे. युनिकोड, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी आपला अंक श्रीलिपीत टाइप व्हायचा. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फॉन्ट टाकला की मजकूर दिसेल, मग युनिकोडमध्ये बदलून घेऊ. चिवडा दिसला म्हणून डिलीट करू नका. बदललेला मजकूर मात्र कोणीतरी डोळ्यांनी तपासायला हवा, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. तुम्हीच का करत नाही?

जुनी डिस्क मी फेकलेली नाही, पाकिटात घालून 'लावू नये' असं लिहून ठेवली आहे. नकलेच्या दोन प्रती झाल्या, एक ताईंकडे, एक माझ्याकडे. तिसरी कोणीतरी भारतात जाताना घेऊन जा.

आणि काका, सभासदांच्या याद्या शंभर टक्के वाचल्या. २०११ च्या वर्गणीची बाकीसुद्धा. नावं इथे लिहीत नाही, शनिवारी पोहे खायला या, समोरासमोर बोलू.