फँटसी स्टार ४ कशावर खेळू? (बजेट ४० डॉलर)

फुटाणा : मंडळी, मुक्काम न्यू जर्सी. पूर्वी रूममेटच्या सेगा जेनेसिस या गेम कन्सोलवर फँटसी स्टार ४ हा गेम खलनायक झिओच्या किल्ल्यापर्यंत खेळलो होतो. पुढे त्याने नोकरी बदलली आणि कन्सोलही त्याच्याबरोबर गेला. आता पुरा करायचाय. घरात एक जुना जेनेसिस आणि पीएस३ (प्लेस्टेशन ३) आहे. काय घेऊ? आधीचे तीन खेळावे लागतील का? बजेट ४० डॉलर, वर एक सेंट नाही.

सव्वाशेर : ओरिजिनल कॅसेट. विषय संपला. माझ्याकडे डबा-मॅन्युअलसकट आहे, आजचा भाव विचारू नका. २४ मेगाबिटची कॅसेट, १९९५ साली अमेरिकेत १०० डॉलरच्या घरात विकली जायची.

कोकमसरबत : मीही ओरिजिनल म्हणूनच घेतली होती, ऑनलाइन. लेबल झकास. गेममधल्या पियाटा गावात सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी सगळं गायब! कॅसेटच्या खास स्क्रूसाठीच्या ३.८ मिमीच्या गेमबिट स्क्रूड्रायव्हरने उघडली तर आत सेव्ह टिकवणारी बॅटरीच नाही, आणि चिपच्या जागी डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा ठिपका. म्हणजे नकली! विकणाऱ्याकडून बोर्डाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आडवाट : निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवरच्या स्विच ऑनलाइन वर्गणीच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये आहे की. कुठेही सेव्ह करा, चुकलं तर खेळ मागे फिरवा.

फुटाणा : त्याचे वर्षाला ५० डॉलर होतात. शिवाय स्विच नाहीये.

आडवाट : मग स्विच घ्या. मुलांनाही होईल.

तोक्योकर : तोक्योच्या अकिहाबारा बाजारात जपानी कॅसेट स्वस्तात मिळाली म्हणून भावाला न्यू जर्सीत एडिसनला पाठवली. जेनेसिसच्या खाचेत बसेचना, आकारच वेगळा. घासून बसवली तर सगळं जपानीत. आता शोकेसमध्ये आहे, छान दिसते.

सव्वाशेर : म्हणूनच म्हणतो, अमेरिकन ओरिजिनल घ्या.

मिरचीभजी : फायनल फँटसी ६ घ्या त्यापेक्षा.

कोकमसरबत : विचारलंय काय, सांगताय काय! फायनल फँटसीत सहावा भाग आला तरी भागांच्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. इथे १९८७ च्या पहिल्या गेमपासून अल्गोल सूर्यमालेचीच कथा आहे. चौथ्यात दुसऱ्यानंतरची हजार वर्षं उलटलीत, पाल्मा ग्रह उरलेलाच नाही. तो का नाही, हे दुसरा खेळल्यावर कळतं. आणि चौथ्याची दिग्दर्शिका रिएको कोदामा पहिल्या गेमपासून या मालिकेची चित्रं काढत होती. कॉमिकसारख्या चौकटी उघडत जातात ना, त्या उगाच नाहीत.

आडवाट : तिसरा मात्र सोडाच. चालण्याचा वेग बघून झोप येते.

मिरचीभजी : तिसरा सोडा, +१. आणि चौथ्यात ॲलिस या पात्राला फार जीव लावू नका.

कोकमसरबत : अहो!!! माणूस झिओपर्यंतच पोचलाय म्हणतोय!

मिरचीभजी : जपानात १९९३ ला आलेला गेम आहे. आता कसला स्पॉयलर?

सव्वाशेर : माझ्या मॅन्युअलमध्ये असलं काही नाही.

फुटाणा : तेवढं माहीत होतं, भांडू नका. सोफ्यावर बसून रडलो होतो.

शेंडेफळ : कामाचं सांगतो. मॅक्रो, म्हणजे चालींचा आधीच बांधलेला क्रम, वापरा. क्रॉसकट आणि एफेस हे दोन हल्ले लागोपाठ पडले की ग्रँड क्रॉस हा जोडहल्ला होतो, मध्ये दुसऱ्या कुणाची चाल आली की फिसकटतं. मॅक्रोत क्रम बांधून ठेवता येतो. आणि पीएस३ आहे ना? २००९ ची 'सॉनिक्स अल्टिमेट जेनेसिस कलेक्शन' डिस्क जुन्या बाजारात बघा. चारही भाग आहेत, पहिला तेवढा सुरुवातीला कुलूपबंद.

सव्वाशेर : डिस्कवर ती मजा नाही.

फुटाणा : सगळ्यांचे आभार. डिस्क घेतली, १४ डॉलर. आणि सुरुवात तिसऱ्यापासून केली. माफ करा. झालं असं की आई सहा महिन्यांसाठी आलीये. पहिल्याच मिनिटाला लग्नमंडपातून नवरी मैयाला ड्रॅगनने पळवलं आणि आई खुर्ची ओढून बसली. पुढे लग्न कुणाशी लावायचं हे आपण ठरवायचं असतं, मग त्यांची मुलं, मग नातवंडं. आईचं म्हणणं, दुसरी मुलगी लीनाच बरी, नायकाला तुरुंगातून सोडवायला कोण आलं होतं? मी मैयाच्या बाजूने आहे. कालपासून गेम तिथेच थांबलाय.