रोज शट डाऊन करूनही ‘अप टाइम’ अनेक दिवसांचा का दिसतो?

प्रश्न

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपवर विंडोज १० असून रॅम ८ जीबी आहे. काम संपल्यावर मी स्टार्ट मेन्यूतून रीतसर शट डाऊन करतो. तरीही टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू निवडल्यावर ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज सलग किती वेळ सुरू आहे तो आकडा, कित्येक दिवसांचा दिसतो. शिवाय प्रिंटर अधूनमधून प्रतिसाद देत नाही आणि रीस्टार्ट केले की लगेच चालू लागतो. जे शट डाऊनने होत नाही, ते रीस्टार्टने कसे होते?

उत्तर १

याचे कारण बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’ ही विंडोज ८ पासून आलेली सोय असावे. ती सुरू असताना शट डाऊन केल्यास आपले प्रोग्राम बंद होतात आणि आपण लॉग आऊट होतो. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्यासोबतचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम, यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा मेमरीत आणली जाते. त्यामुळे अडखळलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही तसाच अडखळलेला राहू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने लोड होते. एखाद्या वेळेपुरते पूर्ण बंद करायचे असल्यास शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊनवर क्लिक करावे. कायमचा बदल करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणांच्या कामाचा पर्याय उघडावा, बंद असलेल्या सेटिंग्ज बदलण्याच्या दुव्यावर क्लिक करावे आणि फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढावी. इतकी महत्त्वाची सेटिंग इतक्या आडबाजूला का ठेवली असावी, हे एक कोडेच आहे.

उत्तर २

कारण पटले, पण ही सोय सरसकट बंद करण्याची घाई करू नये. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर तिच्यामुळे सुरू होण्याचा वेळ बराच वाचतो. अशा वेळी अधूनमधून रीस्टार्ट करणे पुरेसे ठरते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क असेल, तर मात्र खुशाल बंद करावी. त्याच संगणकावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही असेल, तर ही सोय बंदच ठेवावी. अन्यथा विंडोजचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्समधून त्यावर सहसा काही लिहिता येत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. शिफ्टचा उपाय करून पाहिला. अप टाइम पुन्हा शून्यापासून मोजला जाऊ लागला आणि प्रिंटरही चालला. डिस्क एसएसडी आहे. तरीही डेस्कटॉप दिसल्यानंतर काही वेळ सर्व काही संथ चालते.

उत्तर १

तो वेळ बहुधा आपोआप सुरू होणारे प्रोग्राम खात असावेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, स्टार्टअप टॅबमध्ये ‘हाय’ परिणाम दाखवणारे प्रोग्राम पाहावेत आणि अनावश्यक असलेले डिसेबल करावेत. असे केल्याने प्रोग्राम काढून टाकला जात नाही. गरज पडेल तेव्हा तो नेहमीप्रमाणे उघडता येतो. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नये, आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा, म्हणजे फरक कशाने पडला हे कळते.