नाटकांच्या डीव्हीडी लिनक्सवर कमांडने कॉपी करायच्यात, पण कॉपी केलेल्या फाइलमध्ये नुसते हिरवे चौकोन

सह्याद्रीवारा:
नमस्कार मंडळी, बाबांकडे मराठी नाटकांच्या डीव्हीडी आणि व्हीसीडी खोकाभर आहेत, सगळ्या दुकानातून विकत घेतलेल्या, आणि त्यातली बरीच नाटकं आता शोधूनही मिळत नाहीत म्हणून डिस्क खराब व्हायच्या आत हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायच्यात. लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे, डीव्हीडी ड्राइव्ह यूएसबीचा. फाइल मॅनेजरमधून व्हिडिओ-टीएस फोल्डर (डीव्हीडीवरचा सगळा व्हिडिओ यातच असतो) सरळ कॉपी केला तर काही डिस्क इनपुट-आउटपुट एरर देऊन थांबतात, आणि ज्या कॉपी होतात त्यात मेन्यू नीट दिसतो पण पहिला अंक सुरू झाला की हिरवे-गुलाबी चौकोन आणि आवाज तुटक. टीव्हीच्या प्लेअरवर त्याच डिस्क व्यवस्थित चालतात. प्रत्येक डिस्कला क्लिक करत बसायचं नाहीये, डिस्क टाकली, कमांड मारली, डिस्क काढली असं काही आहे का? आणि हे कायद्यात बसतं का तेही सांगा प्लीज.

टर्मिनल_काका:
डिस्क खराब नाहीयेत, त्यांना कुलूप आहे. विकतच्या डीव्हीडीवर बऱ्याचदा सीएसएस म्हणजे कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम असते. तिच्या किल्ल्यांपैकी एक डिस्कच्या अशा भागात असते जो फाइल मॅनेजरला दिसतच नाही, आणि ड्राइव्हशी ठरलेली देवाणघेवाण झाल्याशिवाय ड्राइव्ह ती देत नाही. तुमचा फाइल मॅनेजर ती देवाणघेवाण करतच नाही, त्यामुळे एकतर ड्राइव्ह वाचायला नकार देतो नाहीतर स्क्रॅम्बल झालेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे, तसेच्या तसे उतरतात, तेच तुमचे हिरवे चौकोन.

ही किल्ली फक्त ४० बिटची, १९९९ मध्येच फुटली. ती फुटली तेव्हा नॉर्वेचा जॉन लेक योहानसन शाळकरी पोरगा होता, त्यावरून त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आज आपण वापरतो ती लायब्ररी म्हणजे लिबडीव्हीडीसीएसएस, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचीच.

आता काम. ॲप्टने (उबुंटूची प्रोग्रॅम टाकायची कमांड) दोन पॅकेज टाका, लिबडीव्हीडी-पीकेजी आणि डीव्हीडीबॅकअप. पहिल्या पॅकेजमध्ये लायब्ररी नसतेच, ते सोर्स डाउनलोड करून तुमच्याच मशीनवर कंपाइल करतं, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर सुडो लावून डीपीकेजी-रीकॉन्फिगर त्याच पॅकेजच्या नावाने एकदा चालवा. लोक इथेच चुकतात आणि मग चौकोन काही जात नाहीत.

मग डीव्हीडीबॅकअप, डिस्क उतरवणारी कमांड हीच. हायफन स्मॉल आय नंतर ड्राइव्हचा पत्ता, बहुतेक स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर-झिरो. हायफन कॅपिटल आय दिलं तर नुसती माहिती मिळते, आधी ती बघा. कॅपिटल एम म्हणजे पूर्ण डिस्क, कॅपिटल एफ म्हणजे फक्त मुख्य सिनेमा. नाटकाला एफ अजिबात वापरू नका, कारण अंक वेगवेगळ्या टायटलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या वेगवेगळ्या व्हिडिओत, टाकलेले असू शकतात आणि एफ एकच उचलतं, दुसरा अंक राहून जातो आणि ते कळतं डिस्क परत खोक्यात गेल्यावर. स्मॉल ओ नंतर फोल्डर, स्मॉल पी लावलं की किती झालं ते दिसत राहतं. स्मॉल एन नंतर नाटकाचं नाव द्याच, कारण पुष्कळ डिस्कचं स्वतःचं नाव नुसतं डीव्हीडी-व्हिडिओ असतं आणि तसं असलं की हा प्रोग्रॅम नाव मागून बंद पडतो. जागा भरपूर ठेवा, दोन लेयरची डिस्क ८.५ जीबीपर्यंत जाते.

मुळामुठा:
काकांनी सांगितलं त्यात रीजनचं जोडतो. ड्राइव्हला रीजन, म्हणजे कुठल्या देशांच्या डिस्क चालवायच्या त्याचा नंबर, असतो, भारताचा ५, अमेरिकेचा १, आणि तो साधारण ५ वेळाच बदलता येतो, नंतर कायमचा अडकतो, त्यामुळे उगाच खेळू नका. रीजन जुळला नाही तर लायब्ररी गणिताने किल्ली शोधायला बसते, तेव्हा सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाहीये असं वाटतं, कंट्रोल-सी मारू नका, थांबा.

चरे पडलेल्या डिस्कला डीडीरेस्क्यू, खराब डिस्कवरून जमेल तेवढं उतरवून घेणारा प्रोग्रॅम. ब्लॉक साइज २०४८ ठेवा आणि मॅप फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबवून, डिस्क पुसून, नंतर तिथूनच पुढे चालू करता येतं. त्याआधी डिस्क व्हीएलसीत थोडी चालवा म्हणजे ड्राइव्हचं कुलूप उघडतं, नाहीतर चांगले सेक्टरही खराब म्हणून मोजले जातात. तयार झालेली आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) नंतर डीव्हीडीबॅकअपला ड्राइव्हच्या जागी देता येते. आणि डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही.

व्हीसीडीचं वेगळं आहे, तिला सीएसएस नसतंच. पण तिचे व्हिडिओ सेक्टर साध्या डेटा सीडीसारखे नसल्यामुळे डॅट फाइल (व्हीसीडीवरचा व्हिडिओ) कॉपी करतानाही एरर येतो. व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा, थेट एमपीईजी फाइल काढून देतं.

कोर्टकचेरी:
कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम ५२ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी फेअर डीलिंगची सवलत आहे. म्हणजे घरच्या डिस्कची घरात बघायला केलेली कॉपी एक गोष्ट, आणि तीच यूट्यूबवर किंवा टेलिग्राम ग्रुपवर टाकणं सरळ हक्कभंग, मग नाटक बाजारात मिळत असो वा नसो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र सांभाळून, तिथे १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यामध्ये संरक्षण तोडण्यावरच बंदी आहे.

सह्याद्रीवारा:
खूप खूप आभार सगळ्यांचे! रीकॉन्फिगर केल्यावर पहिली डिस्क पूर्ण उतरली, दोन्ही अंक स्वच्छ, बाबा लगेच बघायला बसले. ग्रुपवर वगैरे टाकणार नाही, घरातच राहील. आता एकच, फोल्डरमधल्या या व्हीओबी (डीव्हीडीच्या व्हिडिओ) फाइलींची एक एमपी-फोर करायची तर? नटांनी हात हलवला की कडेला आडव्या रेघा दिसतात.

टर्मिनल_काका:
रेघा इंटरलेसिंगच्या, पाल या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर ७२० बाय ५७६ चं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी साठवलेलं असतं. हँडब्रेक-सीएलआय या व्हिडिओ बदलणाऱ्या कमांडला व्हिडिओ-टीएस फोल्डर इनपुट द्या, टायटल ० दिलं की सगळी टायटल स्कॅन होऊन दिसतील, मग हव्या त्या टायटलला डीइंटरलेस लावून एन्कोड करा. मूळ फोल्डर मात्र डिलीट करू नका, दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा.