शब्दचर्चा : गेममध्ये ‘मेलो’, ‘पडलो’ की ‘बाद झालो’?

शहापूर, बेळगाव

दिवाळीला आमची सगळी पोरं गल्लीत जमली की हल्ली एकच विषय असतो, कोण काय खेळालंय. यंदा एकाचं ‘सिल्कसाँग’ चालू होतं, एकाचं ‘हेडीज २’, दोघं अजून ‘एल्डन रिंग’मध्येच होते आणि बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, तर सगळ्यांच्याच मोबाइलवर. कुठला गेम अवघड यावर वाद रंगला. ऐकता ऐकता ध्यानात आलं की जो तो ‘मेलो’ म्हणतोय, पण एकाच्या ‘मेलो’चा दुसऱ्याच्या ‘मेलो’शी मेळ नाही.

बीजीएमआयमध्ये गोळी लागली की गडी आधी गुडघ्यावर येतो, रांगतो. साथीदारानं येऊन उठवलं तर परत खेळतो. याला आमच्यात ‘पडलो’ म्हणतात. ‘अरे पडलोय, उठीव की!’ ही हाक रात्री अकरानंतर आमच्या गल्लीत कुठल्याही खिडकीतून ऐकू येईल. उठवायला कोण आलं नाही तर मग ‘गेलो’.

हेडीजमध्ये मरण म्हणजे शेवट नव्हेच. पहिल्या भागातला झॅग्रियस पाताळातून पळून जायला बघतो, मरतो आणि रक्ताच्या तळ्यातून बापाच्याच वाड्यात परत वर येतो. वाड्यातली माणसं त्याच्याशी काहीतरी नवीन बोलतात आणि गोष्ट पुढं सरकते. मेल्याशिवाय कथा कळायची नाही अशीच रचना आहे. दुसऱ्या भागात त्याच्या बहिणीचंही तसंच.

सिल्कसाँगमध्ये मेलं की शेवटच्या बाकड्यावर जाग येते, पण जवळचे मणी, म्हणजे तिथले पैसे, मेल्या जागी एका कोशात राहतात. ते आणायला त्याच वाटेनं परत जायचं. वाटेत पुन्हा मेलं तर आधीचे मणी कायमचे गेले. एल्डन रिंगमध्ये रून्सचं हेच.

या सगळ्याला एकटा ‘मेलो’ पुरत नाही असं माझं मत आहे. ‘नॉक’ (पडणं), ‘रिस्पॉन’ (परत जिवंत होणं) या शब्दांवर राग नाही, तेही आता आपलेच आहेत. पण खेळात मरणं आणि परत जिवंत होणं आपल्या पोरांना मोबाइलनं शिकवलेलं नाही. तुमच्या गावात काय म्हणतात ते सांगा. बनवलेले प्रतिशब्द नकोत, तोंडात असलेले हवेत.

निपाणी

विषय फार जिव्हाळ्याचा काढलात. मी स्वतः मैदानावरचा माणूस, पण घरात मुलगा खेळत असतो तेव्हा शेजारी बसतो, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं ठाऊक आहे.

तुम्ही विचारताय ते सगळं भेद जुन्या हुतूतूत नावानिशी होते. कबड्डीचे तीन प्रकार खेळले जायचे : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी मेला की बाहेर बसायचा आणि पलीकडचा एक गडी मारला की आपला एक जिवंत होऊन आत यायचा. आजची कबड्डी याच नियमावर उभी आहे. गामिनीत मेलेला गडी परत येत नव्हता. एका बाजूचे सगळे गडी मरून लोण चढेपर्यंत तो बाहेरच. आणि अमरमध्ये गडी मेला तरी बाहेर जात नाही, खेळतच राहतो, फक्त समोरच्याला गुण मिळतो.

आता तुमचे गेम यात बसवून बघा. काउंटर स्ट्राइकमध्ये बाँबच्या डावात एकदा मेला की फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. ही सरळ गामिनी. मुलगा ज्याला टीम डेथमॅच म्हणतो त्यात मेला की लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून परत येतो आणि पलीकडच्यांचा आकडा एकनं वाढतो. हा अमर. संजीवनी कुठं आहे ते मी मुलालाच विचारलं. त्यानं बॉर्डरलँड्स दाखवला, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा चौथा भाग आला तो. त्यात आपण जखमी होऊन खाली पडलो आणि पडल्या पडल्या एखादा शत्रू मारला, तर आपण उठून उभे राहतो. शत्रूच्या मरणातून आपला जीव. शंभर टक्के संजीवनी! कबड्डीत तो जीव साथीदारानं मिळवून द्यायचा, इथं स्वतः मिळवायचा, एवढाच फरक.

बीजीएमआयमध्ये साथीदार येऊन उठवतो त्याला मात्र मी संजीवनी म्हणणार नाही. तिथं शत्रू मारायची अट नाही. तिथं तुमचा ‘उठीव’ हाच शब्द नेमका आहे.

खानापूर

निपाणीच्या काकांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या सरांनी गामिनी हा शब्द सांगितलेला, पण तो गेमला लावायचं कधी सुचलं नव्हतं.

माझ्याकडं एक वेगळी अडचण आहे आणि ती फक्त आपल्या भागातल्या पोरांनाच कळेल. बीजीएमआयमध्ये चौथा गडी हुडकायला आम्ही कुणालाही जोडून घेतो. एकदा मैसूरकडचा एक पोरगा आला. नेम एकदम भारी. त्यातल्या एरँगल नकाशावरच्या पोचिंकी गावात आम्ही एका दुमजली घराबाहेर दबा धरून बसलोय, आत गोळीबार झाला आणि हा माइकवर ओरडतोय, ‘मेले! मेले!’ आम्हाला वाटलं आतले सगळे मेले. आमचा एक जण सरळ उठून दारातनं आत पळाला, मेलेल्यांच्या सामानाच्या पेट्या लुटायला. जिन्यावरनं दोघांनी त्याला भाजून काढलं. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. तो बिचारा सांगत होता की शत्रू वरच्या मजल्यावर आहे.

आपल्याकडच्या कन्नडमध्ये ‘म्याले’ किंवा ‘म्याग’ म्हणतात, त्यामुळं गोकाकच्या पोरांबरोबर हा घोळ होत नाही. दक्षिणेकडचा गडी असला की होतो. दुसरा असाच शब्द ‘बंद’. कन्नडमध्ये ‘बंद’ म्हणजे ‘तो आला’. माइकवर ‘बंद, बंद!’ ऐकलं की आमचा नवा गडी विचारतो, ‘काय बंद पडलं?’ तोवर गाडी अंगावर आलेली असते.

म्हणून आमच्या स्क्वाडमध्ये मेलेल्याला ‘मेला’ म्हणणं सोडलंय. ‘खपला’ म्हणतो. अनेक जण असले तर ‘खपले’. त्याचा कन्नडमध्ये कशाशी गोंधळ होत नाही.

आणखी एक. आम्ही अजून ‘पब्जी खेळालोय’ असंच म्हणतो. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, बीजीएमआय २ जुलै २०२१ ला आला, तो २०२२ च्या जुलैत मोबाइलच्या अॅप दुकानांतून गेला आणि २०२३ च्या मेमध्ये परतला. एवढं सगळं झालं तरी तोंडातलं नाव काही बदललं नाही.

पुणे, मूळचा बेळगावातल्या वडगावचा

खानापूरच्या भावानं घोळाचं सांगितलं म्हणून आमच्याकडचा सांगतो, मराठी आणि मराठीतला.

इथं ऑफिसच्या पोरांबरोबर खेळताना मी सवयीनं म्हणालो, ‘मारलो, मारलो!’ दोघे पळत आले, मला उठवायला. मी तर उभा होतो. त्यांना वाटलं मी मारला गेलो. आपण बेळगावात ‘मी त्याला मारलो’, ‘मी जेवण केलो’, ‘मी बॉस (गेममधला मोठा शत्रू) संपवलो’ म्हणतो. करणारा ‘मी’, म्हणून क्रियापदही ‘मी’च्या मागून जातं. पुण्यात ‘मी त्याला मारलं’, ‘मी बॉस संपवला’. तसंच ‘कोण मारला?’ असं आपण विचारतो, इथं ‘कोणी मारलं?’

इथले मित्र म्हणतात ही चूक आहे. मला ते पटत नाही. कन्नडमध्ये ‘नानु होडेदे’, म्हणजे मी मारलं, यात क्रियापद बोलणाऱ्याच्या मागून जातं. शेकडो वर्षं दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसल्यात, तर आपल्या मराठीनं ती चाल घेतली. खेळताना तर तिचा फायदाच आहे. ‘मारलो’ म्हटलं की मारणारा कोण ते त्याच एका शब्दात कळतं, ‘मी’ लावायला वेळ घालवावा लागत नाही. मला जाणकारांचं मत हवंय : हे रूप गेमच्या मराठीत लिहायला काय हरकत आहे?

चिकोडी

काहीच हरकत नाही. बोलीतलं रूप बोलीच्या नियमानं बरोबरच असतं. परीक्षेच्या पेपरात प्रमाण रूप लिहा, माइकवर ‘मारलो’ म्हणा.

आणि शेजारच्या भाषेतून खेळाचे शब्द घेणं आपल्याकडं आजचं नाही. विटीदांडूत दांडूनं अंतर मोजताना आपण काय मोजायचो? वकट, लेंड, मूंड, नाल. आमच्या आजोबांना विचारलं तर म्हणायचे, खेळाची भाषा आहे, अर्थ नसतो. अर्थ आहे. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. तेलुगू आकडे पोरांच्या तोंडी बसले आणि जिथं तेलुगू कुणाला येत नाही त्या गावांतही मोजले गेले. तेव्हा आज ‘नॉक’ आणि ‘लूट’ आले तर भाषा बुडाली म्हणणाऱ्यांनी जरा विटीदांडू आठवावा.

मूळ प्रश्नाबद्दल : सोंगट्यांत आणि लुडोत आपण ‘सोंगटी मेली’ म्हणतो आणि ती मेलेली सोंगटी घरात जाऊन पुन्हा निघते. म्हणजे खेळातल्या ‘मरण्या’त परत येणं मराठीनं आधीपासूनच धरलेलं आहे. हेडीजला ‘मेलो’ म्हणायला अडचण नको. उलट परत न येणाऱ्या मरणाला वेगळा शब्द लागतो, आणि तो ‘बाद’. खो-खोत गडी बाद होतो, क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होतो. बाद झालेला त्या डावापुरता संपला.

संकेश्वर

चिकोडीच्या दादांशी पूर्ण सहमत. मी शाळेत शिकवते. मुलींच्या तोंडचे शब्द टिपून ठेवायची मला आवड आहे, त्यातले काही देते.

‘भोज्या’. शिवाशिवीत ज्याला हात लावला की पकडता येत नाही तो खांब किंवा झाड. आमच्या नववीच्या मुली सिल्कसाँगमधल्या बाकड्याला भोज्या म्हणतात. ‘भोज्याला शिवून ये, मग त्या बाईशी लढ.’ चेकपॉइंटला याहून चांगला शब्द मला माहीत नाही. एल्डन रिंगमध्ये जिथं टेकून बसता येतं, ती सोनेरी उजेडाची जागा, तीही भोज्याच.

‘टॅम्प्लीज’. हे इंग्रजीच, पण इतकं झिजलंय की आता आपलं. मूठ तोंडाशी नेऊन म्हणायचं, मग खेळ थांबतो. एका मुलीनं मला फार सुंदर फरक सांगितला : ‘बाई, हेडीजला टॅम्प्लीज चालतं, एल्डन रिंगला चालत नाही.’ खरं आहे. हेडीज मध्येच थांबवता येतो. एल्डन रिंगमध्ये सामानाची यादी उघडून बसलं तरी शत्रू येऊन मारतोच. त्या गेमची अर्धी भीती या एका वाक्यात आली.

‘लिंबूटिंबू’. लहान भावंडाला खेळायला घेतलेलं असतं, पण त्याचं मरणं मोजत नाहीत. बीजीएमआयमध्ये गर्दी भरायला संगणकानं घातलेले खोटे गडी असतात, त्यांना मुली हाच शब्द वापरतात. मला मात्र इथं खटकतं. लिंबूटिंबूवर माया असते, त्याला मुद्दाम वाचवतात. त्या खोट्या गड्यांना तर सगळे आधी मारतात!

अथणी

मी ‘स्टारड्यू व्हॅली’वाला. आमच्यात मरणच नाही. रात्री दोनपर्यंत घरी पोचलो नाही तर गडी जागच्या जागी कोसळतो आणि सकाळी थोडे पैसे गेलेले असतात. याला आम्ही ‘गळपटला’ म्हणतो. दिवसभर उसात राबून आलेल्या माणसाला वापरायचा शब्द, तोच तिथं बसतो. एका माणसानं, एरिक बॅरोननं, एकट्यानं बनवलेला गेम आहे हा, २०१६ चा. २८ दिवसांचा एक हंगाम. तुमच्या लढायांतून जरा वेळ काढून खेळून बघा ओ.

शहापूर, बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘बाद’ आणि ‘मेलो’ यांतला चिकोडीच्या दादांचा भेद मी उचलतो : परत येणार असेल तर ‘मेलो’, त्या डावात परत येणार नसेल तर ‘बाद’. ‘पडलो’ या दोन्हींच्या आधीची पायरी. बाईंचा भोज्या तर आजपासून आमच्या गल्लीत चालू. लिंबूटिंबूबद्दल त्यांचं खटकणं मलाही पटलं. त्या खोट्या गड्यांना आमच्यात ‘बुजगावणं’ म्हणणारा एक जण आहे, तोच शब्द मला नेमका वाटतो.

एक राहिलं. मेल्या जागी पडून राहिलेले मणी किंवा रून्स परत आणायला जातात, त्याला काय म्हणता?

गोकाक

मी कन्नड शाळेत शिकलो, घरात मराठी. आमच्यात दोन्ही चालतं. उठवायला ‘नन्न एब्बिसु’ म्हणजे मला उठव, अगदी तुमच्या ‘उठीव’सारखंच. झोपेतून जागं करायलाही हाच शब्द.

मणी आणायला जाण्याला आम्ही ‘सोडवायला जाणे’ म्हणतो. सोनं गहाण ठेवलेलं सोडवून आणतात तसं. ‘थांब, माझे रून्स सोडवून येतो.’ आणि वाटेत पुन्हा मेलं तर, ‘बुडाले’.

खानापूर

सोडवणे आणि बुडणे, दोन्ही घेतले. आज रात्री मैसूरच्या पोराला शिकवतो.