तिखाडीचं ‘आवश्यक तेल’?

बर्डीकर: फार्मसीच्या एका प्रबंधाचा गोषवारा मराठीत करतेय. विषय तिखाडी या वासाच्या गवताचं तेल, त्यातले घटक आणि जिवाणूंवर होणारा परिणाम. इसेन्शियल ऑइलला मी ‘बाष्पनशील तेल’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘आवश्यक तेल’ केलं. मन मानत नाही. काय लिहू?

शब्दवेडा: ‘आवश्यक’ साफ चूक. इथलं इसेन्शियल ‘इसेन्स’वरून आलंय, गरजेवरून नाही. सरळ ‘अर्क’ लिहा.

इतवारीकर: ताई, अर्क नका लिहू. लहानपणी बाबांसोबत भट्टीवर जायचो. गवतातून वाफ काढून गार केली की भांड्यात वर पिवळसर तेल तरंगते अन् खाली वासाचं पाणी राहते. अर्क म्हणजे ते खालचं पाणी, बाप्पा!

शब्दवेडा: संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य. उष्णतेनं निघतो तो अर्क, म्हणून तेलालाही चालतो.

मायमराठी: तो अर्क वेगळा, दादा. हा अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. परका शब्द कशाला? ‘सुगंधी तेल’ म्हणा.

इतवारीकर: मग देवापुढची अत्तराची बाटलीही काढून टाका. अत्तरही अरबीच. आणि सुगंधी तेल म्हटलं की लोकांना केसांचं आठवते.

प्रयोगशाळा: मुळात ‘तेल’ हाच शब्द तिळावरून आलाय. तिळाच्या तेलाचा थेंब कागदावर टाका, डाग राहतो. तिखाडीचा टाका, काही वेळानं डाग उडून जातो आणि गुलाबासारखा वास तेवढा मागे रेंगाळतो. हा फरक ‘बाष्पनशील’मध्येच येतो, तोच ठेवा. घटकांचं म्हणाल तर तिखाडीच्या मोतिया जातीच्या तेलात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारख्या वासाचं द्रव्य, असतं. ते जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतं. सोफिया जात दिसायला तशीच, पण तेलाची घडण निराळी. गोषवाऱ्यात जात लिहिलीच पाहिजे.

रामटेकची: आमची आजी याला रोशाचं तेल म्हणायची. थंडीत गुडघ्याला चोळायची, लुगड्याला दोन दिवस वास राहायचा. तिखाडी म्हणजे रानातलं गवत, रोशा म्हणजे तेल, असंच आम्ही ऐकलं.

मायमराठी: रोशा हे ‘रोहिष’चं रूप. म्हणजे तेही गवताचंच नाव.

रामटेकची: असेल. पण आजीनं गवताला कधी रोशा म्हटलं नाही.

बर्डीकर: मोतियाच आहे, जात घातली. ‘बाष्पनशील’ परत लिहून पाठवते. पण तपासणाऱ्यांनी ‘बायोलॉजिकल ॲक्टिव्हिटी’चं ‘जैविक हालचाल’ केलंय, त्याचं काय करू?

इतवारीकर: ‘गुण’ लिहा, ताई. औषधाला गुणच असतो.

प्रयोगशाळा: गुण रोग्याला येतो. इथे प्रयोगाच्या बशीतले जिवाणू आहेत, ‘जैविक क्रिया’ लिहा.