मदत हवी आहे: एका गाण्याचे तीन जन्म, अशी आणखी गाणी सुचवा

मंडळी, आमच्या गाणी ऐकण्याच्या बैठकीत या वेळी मी 'टेंटेड लव्ह' घेतोय. एड कॉबने लिहिलेलं हे गाणं अमेरिकी गायिका ग्लोरिया जोन्सने गायलं आणि 1965 मध्ये ते बाजारात आलं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. अमेरिकेत कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढे उत्तर इंग्लंडच्या 'नॉर्दर्न सोल' क्लबांमध्ये, म्हणजे जुनी, न गाजलेली अमेरिकी सोल गाणी वाजवणाऱ्या क्लबांमध्ये, लोक त्यावर बेभान नाचू लागले. 1981 मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने लय संथ करून, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) काढून सिंथेसायझर घातला आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. 2006 मध्ये रिहानाच्या 'एसओएस'मध्ये तोच ठेका परत आला!

मला स्वतःला ग्लोरियाचाच आवाज जास्त भिडतो. त्यात चीड आहे, सॉफ्ट सेलमध्ये थकवा. शब्द मात्र तेच.

असाच प्रवास केलेली आणखी दोन-तीन गाणी हवी आहेत. नुसतं कव्हर (दुसऱ्याचं गाणं तसंच पुन्हा गाणं) नको, पुढच्या कलाकाराने गाण्याचा भावच बदललेला असावा. आणि हो, 'सॅम्पलिंग'ला, म्हणजे 'एसओएस'सारखं जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याला, तुम्ही मराठीत काय म्हणता? 'उसना तुकडा' म्हणून पाहिलं, पण मन मानत नाही. रविवारपर्यंत सांगाल का?