मदत हवी आहे : मोठ्या संगणक प्रकल्पांच्या प्रमुखांना सोलापुरात एकत्र आणायचंय

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या मोठ्या संगणक प्रकल्पांच्या प्रमुखांची दोन दिवसांची बैठक आपल्या गावात व्हावी, अशी फार इच्छा आहे.

राष्ट्रीय महासंगणक मोहीम २०१५ मध्ये ४,५०० कोटींची मंजूर झाली. क्वांटम मोहीम (अणूंच्या पातळीवरच्या नियमांवर चालणारे संगणक वगैरे बनवण्यासाठीची) २०२३ ची, ६,००३ कोटींची. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन हे संशोधनाला पैसा देणारं सरकारी खातं ‘एक्स्पेडिशन्स इन कम्प्युटिंग’ या योजनेतून एकेका प्रकल्पाला काही वर्षांसाठी एक कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त देत आलं आहे. एवढी माणसं, एवढी यंत्रं सांभाळणाऱ्यांच्या अडचणी सारख्याच असतात: शिकून तयार झालेली पोरं कंपन्यांकडे जातात, मुदत संपल्यावर सॉफ्टवेअर कुणी जपायचं हे ठरत नाही. हे त्यांनी एकमेकांशी मोकळेपणानं बोलावं. नुसती भाषणं नकोत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पुण्यात महासंगणक बनवणारी सी-डॅक ही सरकारी संस्था आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. तिथून वंदे भारतनं सोलापूर लांब नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे खोल्या मिळणार नाहीत, म्हणून फेब्रुवारी धरलाय.

अशी बैठक कुणी भरवली आहे का? पहिलं पत्र प्रकल्पप्रमुखांना लिहावं की पैसा देणाऱ्या खात्याला? न जमलेल्या कामाबद्दल प्रकल्पप्रमुख बोलतील, अशी मांडणी कशी करावी? आमच्या मुलांना ऐकायला बसवलं तर प्रमुखांना अवघडल्यासारखं होईल का?

अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.